सहस्रकुंडापाशी ‘सुंदर’ हा शब्द अपुरा पडतो

भर पावसाळ्यात पुसदहून उमरखेडमार्गे सहस्रकुंडाला जाऊन आलेला माणूस घरी सांगतो, “काय सुंदर आहे!” धबधब्यापाशी उभा असताना मात्र त्याला हा शब्द सुचलेला नसतो. गढूळ पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळते, तळपायांना हादरे जाणवतात, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि पोराचा हात आपण नकळत घट्ट धरतो. धडकीही भरते आणि पायही निघत नाही. सौंदर्यशास्त्रात या अनुभवाला ‘उदात्त’ म्हणतात.

मराठीत घोटाळा या शब्दापासूनच होतो. उदात्त म्हटलं की आपल्याला त्याग आणि थोर विचार आठवतात. विचारवंत एडमंड बर्कने मात्र १७५७ साली उदात्ताचं मूळ भीतीत शोधलं. त्याच्या लेखी सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत, नाजूक असते. उदात्त वस्तू अफाट, ओबडधोबड, अंधारी. तेव्हा फार सुंदर म्हणजे उदात्त, हेही खरं नाही. दोन्हींची जातच वेगळी.

मग भीती वाटली की झालं? तसंही नाही. १७९०च्या ग्रंथात तत्त्वज्ञ कांटने वादळ, ज्वालामुखी आणि मोठ्या नदीचा उंच धबधबा ही उदाहरणं दिली, पण एक अट घातली: पाहणारा सुरक्षित हवा. हीच पैनगंगा शेतात शिरली आणि उभी पराटी पाण्याखाली गेली, तर बांधावरच्या शेतकऱ्याला त्यात उदात्त काय दिसणार? हिमशिखरांच्या वेडाला मूर्खपणा म्हणणाऱ्या एका पहाडी शेतकऱ्याचा दाखला कांट देतो आणि उदात्ताच्या जाणिवेला मनाची मशागत लागते, असं म्हणतो. इथे मला कांट पटत नाही. ज्याचं वर्षभराचं पीक पाण्यात आहे, त्याच्या मनात कसली उणीव काढायची?

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे उदात्तता त्या पाण्यात असते, हा. कांटच्या मते ती आपल्या मनात जागी होते. एवढं प्रचंड काही नजरेत, कल्पनेत मावत नाही. तरीही बुद्धी त्याच्या पलीकडच्या अनंताचा विचार करू शकते. पाण्याच्या त्या जोरापुढे देह चिमूटभर ठरतो, आतलं काहीतरी मात्र वाकत नाही. म्हणून नुसता आकार पुरत नाही, अंतरही जमावं लागतं. पिरॅमिड फार जवळून पाहू नयेत आणि फार लांबूनही नाही, हे कांटने एका प्रवाशाच्या आधाराने नोंदवलं आहे.

सहस्रकुंडाला अगदी पुढे गेलं की नुसते तुषार दिसतात, फार मागे आलं की पांढरा पट्टा. मी दर खेपेला पुढे-मागे होत मधली ती जागा शोधतो.