दाबपात्रातील कॉफी

कॉफी काढण्याचे मुख्य मार्ग दोन. एकात पाणी पुडीतून झिरपते, दुसऱ्यात पूड पाण्यात भिजते. दक्षिणेकडील पितळी फिल्टर पहिल्या प्रकारचा, तर फ्रेंच प्रेस दुसऱ्या प्रकारचा. काचेचे उभे भांडे, धातूची जाळी व तिला जोडलेला दांडा, एवढीच त्याची रचना. फ्रान्समध्ये १८५२ साली मायर व देलफोर्ज यांनी अशा साधनाचे पेटंट घेतले होते.

१९५७ पासून उभ्या राहिलेल्या कॉफी कामगारांच्या सहकारी संस्थांपैकी एक जबलपूरची. तिच्या इंडियन कॉफी हाऊसमुळे कॉफी या शहराच्या परिचयाची आहे. तथापि सिव्हिल लाइन्समधील एखाद्या घरी हे पात्र आले, तर बाजारातील पूड त्यास सहसा मानवत नाही. ती फिल्टरसाठी बारीक दळलेली, बहुधा चिकोरीमिश्रित असते. जाळीतून निसटून पेल्यात गाळ आणते. पूड लापशीच्या रव्यासारखी भरड हवी.

पाव लिटर पाण्यास पंधरा ग्रॅम पूड घ्यावी. उकळी शमल्यावर पाणी ओतून ढवळावे, चार मिनिटांनी दांडा सावकाश दाबावा. हा दाब कॉफी काढीत नाही, केवळ चोथा तळाशी रोखतो. चोथ्यावर राहिलेली कॉफी उत्तरोत्तर कडवट होते. म्हणून ती लगेच पेल्यांत ओतावी.

एक सावधगिरी मात्र हवी. कागदी गाळणीत अडकणारे कॅफेस्टॉल हे स्निग्ध द्रव्य जाळीतून खाली उतरते व रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविते. ज्यांचे ते आधीच वाढलेले आहे, त्यांनी नित्याच्या कॉफीसाठी कागदी गाळणीच वापरणे श्रेयस्कर.