मोंटाना : पर्वतांचें राज्य कीं तांब्याचें?

अमेरिकेविषयीं आपल्याकडील सुशिक्षित घरांतून जें बोलणें होतें, तें बहुधा न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, वॉशिंग्टन येथील राजकारण आणि तिकडे शिक्षणासाठीं गेलेलीं मुलें ह्यांच्यापलीकडे फारसें जात नाहीं. त्या देशांत पन्नास घटक-राज्यें असून प्रत्येकाची राज्यघटना, कायदेमंडळ व न्यायालयें स्वतंत्र आहेत, ही गोष्ट पुष्कळदां आपल्या ध्यानांतून निसटते. त्यांपैकीं मोंटाना नामक एका डोंगराळ राज्याची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों. हें राज्य लोकसंख्येनें लहान आहे व जगाच्या वर्तमानपत्रांत त्याचें नांव क्वचितच झळकतें. तथापि पोटांत अपार संपत्ति असलेल्या भूमीवर खरें राज्य कोणाचें चालतें, लोकांचें कीं संपत्तीचें, ह्या प्रश्नावर इतका प्रकाश पाडणारा दुसरा इतिहास आमच्या वाचनांत आलेला नाहीं.

मोंटाना हा शब्द लॅटिन व स्पॅनिश भाषांतील पर्वतवाचक शब्दापासून निघालेला आहे. आपण त्यास ‘पार्वतीय प्रदेश’ म्हणूं. उत्तरेस कॅनडाची सरहद्द असलेल्या ह्या राज्याचें क्षेत्रफळ सुमारे १,४७,००० चौरस मैल असून विस्तारांत अमेरिकेच्या राज्यांमध्यें त्याचा चौथा क्रमांक लागतो. एवढ्या विस्तीर्ण भूमीवर २०२० सालच्या शिरगणतींत अवघीं १०,८४,२२५ माणसें आढळलीं. म्हणजे दर चौरस मैलास आठहि भरत नाहींत. नांव पर्वतांचें असलें तरी पर्वत आहेत ते मुख्यतः पश्चिमेकडील एकतृतीयांश भागांत. तेथें रॉकी पर्वताच्या रांगांमागून रांगा उभ्या आहेत. पूर्वेकडे मात्र क्षितिजापर्यंत गवताळ माळ पसरलेला असून त्यावर गहूं पिकतो व गुरें चरतात. सर्वांत उंच शिखर ग्रॅनाइट पीक हें सुमारे १२,८०० फूट उंच आहे. थंडीची कल्पना एका आंकड्यावरून येईल. रॉजर्स पास ह्या घाटांत २० जानेवारी १९५४ रोजीं पारा शून्याखालीं ७० अंश फॅरनहीटपर्यंत उतरला. अलास्का वगळल्यास अमेरिकेंत ह्याहून अधिक थंडीची नोंद नाहीं.

‘जलविभाजक’ हा शब्द मुलांस समजावून देतांना आमचा अनुभव असा कीं, व्याख्येपेक्षां एक चांगलें उदाहरण अधिक काम करतें. तसें उदाहरण मोंटानाच्या उत्तर भागांत, १९१० सालीं स्थापन झालेल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांत आहे. तेथील ट्रिपल डिव्हाइड नांवाच्या शिखराच्या एका उतारावर पडलेलें पाणी पॅसिफिक महासागरास मिळतें, दुसऱ्या उतारावरील मिसूरी व मिसिसिपी ह्या नद्यांच्या मार्गानें मेक्सिकोच्या आखातांत जातें, आणि तिसऱ्या उतारावरील उत्तरेकडे वाहत जाऊन हडसन उपसागर गांठतें. खुद्द मिसूरी ही महानदीहि ह्याच राज्यांत तीन प्रवाहांच्या संगमापासून सुरू होते. १८०५ सालीं लुइस व क्लार्क हे शोधक तेथें पोहोंचले तेव्हां त्यांनीं ह्या प्रवाहांस जेफर्सन, मॅडिसन व गॅलाटिन हीं नांवें दिलीं. पहिला राष्ट्राध्यक्ष, दुसरा परराष्ट्रमंत्री व तिसरा अर्थमंत्री. ज्यांनीं ती भूमि डोळ्यांनींहि पाहिली नव्हती त्यांचीं नांवें तिच्या नद्यांस मिळालीं. पुढें काय होणार ह्याची सूचना त्यांतच होती, असें म्हणावेंसें वाटतें.

कारण ती भूमि निर्जन नव्हती. ब्लॅकफीट, क्रो, सॅलिश, कूटने, उत्तर शायेन इत्यादि जमाती तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या, आणि रानरेड्यांच्या अफाट कळपांवर माळावरील जमातींचा योगक्षेम चालत असे. १८५१ व १८५५ च्या तहांनीं त्यांच्या प्रदेशाच्या सीमा ठरल्या. परंतु पुढील तीस-पस्तीस वर्षांत त्या सीमा संकोच पावतच गेल्या. जानेवारी १८७० मध्यें मरायस नदीच्या कांठीं सैन्यानें ब्लॅकफीट लोकांच्या छावणीवर पहांटे हल्ला करून सुमारे दोनशें माणसें मारलीं. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध होते. जून १८७६ मध्यें लिट्ल बिगहॉर्न नदीवर लकोटा व शायेन योद्ध्यांनीं सेनापति कस्टर ह्याच्यासह त्याच्या हाताखालील तुकडीचा समूळ नाश केला. परंतु तो विजय क्षणिक ठरला. आज ह्या राज्यांत मूळ रहिवाशांचे सात राखीव प्रदेश आहेत.

गोऱ्या वसाहतकारांची झुंबड उडाली ती सोन्यासाठीं. १८६२ सालीं बॅनक येथील ओढ्यांत सोनें सांपडलें, दोनच वर्षांत म्हणजे १८६४ सालीं मोंटाना हा स्वतंत्र प्रांत म्हणून वेगळा काढण्यांत आला, आणि ८ नोव्हेंबर १८८९ रोजीं तो एकेचाळिसावें राज्य म्हणून संघांत दाखल झाला. सोनें लौकरच सरलें. परंतु ब्यूट नांवाच्या टेकडीखालीं तांब्याच्या अशा कांहीं शिरा निघाल्या कीं, तिला ‘पृथ्वीवरील सर्वांत श्रीमंत टेकडी’ असें नांव पडलें. तो काळ विजेच्या दिव्यांचा व तारांचा आरंभकाळ. सगळ्या जगास तांबें हवें होतें, आणि तें ब्यूटजवळ होतें.

येथून मोंटानाच्या राज्यकारभाराची खरी कथा सुरू होते. १८८९ ची राज्यघटना ज्या सभेनें रचली तिचे अध्यक्ष विल्यम क्लार्क हे स्वतः खाणींचे धनी होते. त्या घटनेंत असें कलम पडलें कीं, खाणीच्या जमिनीवर कर बसवितांना सरकारास मूळ दिलेली अल्प किंमतच धरावी. त्याखेरीज कर फक्त निव्वळ नफ्यावर. भूमीच्या पोटांत कोट्यवधि डॉलरांचें तांबें असलें तरी शेतकऱ्याच्या कुरणाप्रमाणेंच त्याची गणना! क्लार्क ह्यांचे प्रतिस्पर्धी मार्कस डेली हे ॲनाकोंडा ह्या प्रचंड खाण-उद्योगाचे जनक. ह्या दोघां ‘तांब्याच्या राजां’च्या वैरांत सारें राज्य ओढलें गेलें. राजधानी कोणत्या गांवीं असावी ह्याविषयीं १८९४ सालीं मतदान झालें, तेव्हां डेली ह्यांनीं ॲनाकोंडा गांवासाठीं व क्लार्क ह्यांनीं हेलेना गांवासाठीं अमाप पैसा ओतला. हेलेना थोडक्या मतांनीं जिंकलें व आजहि तेंच राजधानीचें स्थान आहे.

त्याकाळीं संघराज्याच्या सेनेटचे सभासद राज्यांचीं कायदेमंडळें निवडीत. १८९९ सालीं क्लार्क ह्यांनीं ती जागा मिळविली. परंतु निवडणूक व्हावयाच्या आधींच एका सभासदानें लाच म्हणून देण्यांत आलेल्या तीस हजार डॉलरांच्या नोटा सर्वांसमक्ष उघड केल्या होत्या. सेनेटच्या समितीनें चौकशी करून क्लार्क ह्यांना काढावें असा अभिप्राय दिला, तेव्हां मे १९०० मध्यें त्यांनीं आपण होऊन राजीनामा दिला. कथेचा कळस पुढेंच आहे. गव्हर्नर युक्तीनें राज्याबाहेर गेलेले असतां उपगव्हर्नरांनीं त्याच रिकाम्या जागेवर त्याच क्लार्क ह्यांची नेमणूक करून टाकली! गव्हर्नरांनीं परत येऊन ती रद्द केली खरी, परंतु १९०१ सालीं नव्या कायदेमंडळानें त्यांस रीतसर निवडून दिलें आणि १९०७ पर्यंत ते सेनेटांत बसले. असल्या प्रकरणांनींच लोकमत पेटून १९१३ सालीं अमेरिकेच्या घटनेंत सतरावी दुरुस्ती झाली व सेनेटचे सभासद थेट जनतेनें निवडण्याची पद्धति सुरू झाली.

राजे गेले, पण राज्य सुटलें नाहीं. ॲनाकोंडा उद्योग पूर्वेकडील बड्या भांडवलवाल्यांच्या हातीं गेला होता. ऑक्टोबर १९०३ मध्यें ब्यूटच्या एका न्यायाधीशाचा निकाल मालकांस मानवला नाहीं, तेव्हां त्यांनीं राज्यभरच्या खाणी व कारखाने एकदम बंद करून टाकले. हिंवाळा तोंडावर आलेला आणि हजारों कामगार बेकार! कंपनीची मागणी एकच : नको असलेला न्यायाधीश बदलून मागण्याचा हक्क पक्षकारास देणारा कायदा करा. गव्हर्नरांस कायदेमंडळाची खास बैठक बोलवावी लागली, आणि डिसेंबरांत तो कायदा मंजूर झाला. पुढें राज्यांतील बहुतेक मोठीं दैनिकें कंपनीच्या मालकीचीं झालीं व तीं १९५९ पर्यंत तिच्याच हातांत राहिलीं. कंपनीस न रुचणारी बातमी त्यांत छापलीच जात नसे. कायदा करणारे, न्याय देणारे व बातमी सांगणारे ह्या तिघांवरहि ज्याचा हात, त्यास राजा म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें?

परंतु मोंटानाचे लोक स्वस्थ बसले नव्हते. १९०६ सालीं त्यांनीं जनतेस स्वतः कायदा सुचवून मतदानानें मंजूर करण्याचा अधिकार मिळविला, आणि १९१२ सालीं तोच अधिकार वापरून निवडणुकांत कंपन्यांनीं पैसा खर्च करण्यास बंदी केली. १९१४ सालीं स्त्रियांस मताधिकार मिळाला व १९१६ सालीं जेनेट रॅंकिन ह्या प्रतिनिधिसभेवर निवडून आल्या. अमेरिकेच्या काँग्रेसमधील त्या पहिल्या स्त्री सभासद. १९१७ सालीं त्यांनीं युद्धाविरुद्ध मत दिलें. आणि १९४१ सालीं पुनः निवडून आल्या असतां जपानविरुद्धच्या युद्धघोषणेस विरोध करणारें सगळ्या काँग्रेसमध्यें त्यांचें एकटीचेंच मत होतें. गांधीजींच्या अहिंसामार्गाचें त्यांस विलक्षण आकर्षण असे व १९४६ पासून त्या अनेकवार हिंदुस्थानांत येऊन गेल्या. मोंटानाचा आपल्याशीं जोडलेला हा एक नाजूक धागा होय.

खरा पालट घडला तो १९७२ सालीं. चिली देशाने ॲनाकोंडाच्या तेथील खाणी १९७१ सालीं राष्ट्रीय मालकीच्या केल्यामुळें कंपनीचें बळ खचलें होतें. त्याच सुमारास नवी घटना रचण्यासाठीं शंभर प्रतिनिधि निवडले गेले. कायदेमंडळाच्या विद्यमान सभासदांस तेथें मज्जाव होता, म्हणून गृहिणी, शिक्षक, शेतकरी, वकील अशीं सामान्य माणसेंच आलीं. त्यांत एकोणीस स्त्रिया होत्या. त्यांनीं पक्षवार न बसतां नांवांच्या अकारविल्हे क्रमानें बसावयाचें ठरविलें. आम्हांस ही गोष्ट लहान वाटत नाहीं. शेजारीं कोण बसतो ह्यावर माणसाचें बोलणें किती बदलतें, हें ज्यांनीं वर्ग चालविला आहे ते जाणतात. दोन महिन्यांत घटना तयार झाली व शंभरहि प्रतिनिधींनीं तिजवर सह्या केल्या. जनतेचा कौल मात्र काठावरचा पडला. सुमारे २,३०,००० मतांत अडीच हजारांच्या आधिक्यानें ती मंजूर झाली.

ह्या घटनेनें नागरिकांस सरकारी दप्तर पाहण्याचा व कारभारांत भाग घेण्याचा हक्क दिला. मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचें वैशिष्ट्य मान्य करून शिक्षणानें तें जतन करावें असें सांगितलें. आणि स्वच्छ व आरोग्यदायी परिसर हा जन्मसिद्ध हक्कांत गणला. कायदेमंडळाचीं दोन सभागृहें आहेत : सेनेटांत ५० व प्रतिनिधिसभेंत १०० सभासद. नियमित बैठक विषम सालींच व फार तर ९० दिवस भरते. गव्हर्नर व वरिष्ठ न्यायालयाचे सातहि न्यायमूर्ति लोकच निवडतात. तांब्याच्या वेळीं झालेली लूट कोळशाच्या वेळीं होऊं नये म्हणून १९७५ सालीं कोळशावर जबर कर बसविला, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीनें त्याचें निम्में उत्पन्न कायम ठेवींत टाकलें. पुढें कराचा दर उतरला, परंतु त्या मूळ ठेवीस हात लावण्यास आजहि दोन्ही सभागृहांत तीनचतुर्थांश मतें लागतात. वडिलार्जित ठेव मोडावयाची तर घरांतील सर्वांस विचारावें, हा एकत्र कुटुंबाचा दंडक येथें राज्यघटनेंत बसला आहे.

तथापि जुन्या राजाचें देणें अजून फिटलेलें नाहीं. ब्यूट येथें १९५५ पासून खणलेली बर्कली नांवाची उघडी खाण १७०० फुटांहून खोल आहे. १९८२ सालीं तिचे पंप बंद केले आणि तीत आम्लयुक्त, विषारी धातूंनीं भरलेलें पाणी साठूं लागलें. १९९५ सालीं त्यावर उतरलेले ३४२ हिमहंस मरून पडले. तें पाणी भूमींत व ओढ्यांत शिरूं नये म्हणून २०१९ पासून खाणींतून उपसून शुद्ध करून सोडण्यांत येत आहे, आणि हा उद्योग कायमचाच चालवावा लागणार आहे. तांबें नेणारे गेले. पाणी उपसणारे राहिले.

१९१२ च्या कायद्याची कथाहि तशीच. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तो रद्द ठरविला. उलट १९७२ च्या शब्दांनीं नवें बळ दाखविलें. परवाने देतांना हवामानावरील परिणामाचा विचार करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याविरुद्ध सोळा तरुण-तरुणींनीं २०२० सालीं दावा लावला. त्यांतील कांहीं तर निव्वळ बालक होते. खालच्या न्यायालयानें २०२३ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला व डिसेंबर २०२४ मध्यें राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें सहा विरुद्ध एक मतानें तो कायम केला. पन्नास वर्षांपूर्वीं गृहिणी व शिक्षकांनीं लिहिलेलें एक वाक्य त्या मुलांच्या कामीं आलें.

घटना कितीहि चांगली असली तरी ती आपण होऊन चालत नाहीं. १८८९ ची घटनाहि कायद्यानें निर्दोषच होती. पण तिचा उपयोग धनवानांनीं केला. १९७२ ची घटना अडीच हजार मतांवर तरली. तिचा उपयोग लोक करूं पाहत आहेत. ते तो किती जपतात ह्यावरच पर्वतांचें हें राज्य पुढें कोणाचें राहील तें ठरावयाचें आहे. वाचकांनीं घरांतील मुलांस नकाशावर मोंटाना दाखवावें तेव्हां त्यांस मिसूरीचा उगम जरूर दाखवावा, आणि त्याच्या पश्चिमेस ब्यूट गांवाची ती खाणहि दाखवावी.