नाच कोणाचा, बैठक कोणाची?

नाइटक्लबातला नाच म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गोऱ्या साहेबाची चैन उभी राहते. पण अमेरिकेतील या नाचाचे मूळ शोधू लागलो, की आपण पोचतो ते गुलामांच्या खोपटांपाशी. दक्षिणेतील मळ्यांवर राबणारे काळे गुलाम मालकांच्या ऐटबाज चालीची नक्कल करीत नाचत. थट्टा आपलीच चालली आहे हे न उमगता मालक उत्तम जोडीला केक बक्षीस देई, असे सांगतात. तोच 'केकवॉक'. पुढे तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी तो रंगभूमीवर मिरवला.

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो काळे लोक वंशद्वेषाला विटून उत्तरेकडील शहरांत आले. न्यूयॉर्कमधील हार्लेम ही त्यांची वस्ती. तेथे 1923 मध्ये ओनी मॅडन या गुंडाने कॉटन क्लब सुरू केला. ज्या कापसापायी पिढ्या गुलामीत खपल्या, त्याचेच नाव क्लबाला! गाणारे, वाजवणारे, नाचणारे काळे. प्रेक्षक मात्र गोरे. रांगेत नाचणाऱ्या मुली उंच, एकविशीच्या आतल्या आणि उजळ वर्णाच्याच लागत. म्हणजे कला काळ्यांची, पण पसंती गोऱ्या नजरेची.

त्याच लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर 1926 मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडले. मालकी तेथेही गोऱ्याची होती. पण दार काळ्यागोऱ्या सर्वांना खुले होते. दिवसभर राबलेले हमाल, मोलकरणी तेथे स्वतःसाठी नाचत. त्यातून 'लिंडी हॉप' बहरला. जोडीने हात सोडायचे, क्षणभर ज्याने त्याने आपल्या मनाची पावले टाकायची आणि पुन्हा एकत्र यायचे. 1935 च्या सुमारास फ्रँकी मॅनिंग यांनी त्यात जोडीदारणीला हवेत फिरवण्याची करामत आणली.

1941 च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटात हे कलावंत झळकले, पण स्वयंपाकी आणि मोलकरणींच्या वेशात! नाच पडद्यावर गेला. नाचणाऱ्याची पायरी तीच राहिली.

तमाशाच्या फडात घाम कोणाचा गळला आणि लोडाला टेकून कोण बसले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 1972 मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यातून घेतले. तेव्हा त्यांच्या नाचाचा इतिहासही आपण परका मानू नये. कलेचे कौतुक करताना एक प्रश्न मात्र विचारीत राहावे : कलावंताला समोरच्या दाराने आत येता येत होते काय?