जाम झालेला बोल्ट

किनाऱ्यावरच्या गाड्यांचे हाल लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून कुडाळच्या एका गॅरेजात गेलो आणि एका बोल्टापाशीच अडकलो. मालवणहून आलेली जुनी हॅचबॅक घोडीवर चढवलेली, पुढचं चाक काढलेलं, नवा लोअर आर्म शेजारी तयार. जुना मात्र बोल्ट सोडेना.

या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना मॅकफर्सन स्ट्रटची. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांची ही कल्पना १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला लागली. आपल्याकडे १९८३च्या मारुती ८००मध्येही ती होती. चाकाला वरून स्ट्रट धरतो, खालून लोअर आर्म. आर्मच्या आतल्या टोकाला रबरी बुश, बुशाच्या पोटात पोलादी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. खारं पाणी शिरतं ते या नळीत. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तेवढी जागा नळीत नसते, त्यामुळे नळी आणि बोल्ट एकजीव होतात.

मेस्त्री साठीपुढचे, मोजकं बोलणारे. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, गंज सोडवणारं तेल मारलं आणि सरळ दुसऱ्या गाडीकडे वळले. पोरगा पान्याला लावायला लांब पाईप घेऊन आला, तर म्हणाले, “घाई केलंस तर मोडतलो तो.”

नट निघाला. मग त्यांनी बोल्टाचं डोकं आणि ब्रॅकेट यांवर खडूने एक सलग रेघ ओढली. पाना ओढला की रेघ तुटायची, सोडला की पुन्हा जुळायची. बोल्ट नळीत फिरत नव्हताच, नळीसकट रबर पिळलं जात होतं. हे ज्याला कळत नाही, तो तासभर पाना मारत बसतो.

नट टोकापर्यंत परत चढवून, आटे सांभाळत हातोडा मारून झाला. उपयोग शून्य. गॅसने तापवावं, तर रबर पेटतं आणि पेट्रोलची नळी हाताच्या अंतरावर. शेवटी बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. ब्रॅकेटला ओरखडा येऊ न देता कापायचं म्हणजे अर्धी दुपार गेली.

नवा बोल्ट डोक्यावरचा १०.९ या मजबुतीच्या दर्जाचा शिक्का बघूनच घेतला. त्याच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावलं, आटे कोरडे ठेवले; आट्यांना ग्रीस लागलं तर टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र जास्त ताणला जातो. शेवटचा आवळाही गाडी चाकांवर उतरवल्यावरच दिला. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पायरी गळते, आणि गिऱ्हाईक पार्टला नावं ठेवतं.

बिल बघून मालक म्हणाला, “एका बोल्टाची एवढी मजुरी?” दुसऱ्या बाजूचा बोल्टही तेवढाच जुना, त्याचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, “पुढच्या खेपेला बघू.” मेस्त्रींनी वाद घातला नाही. त्या बोल्टावर आजच तेल मारून ठेवायला पोराला सांगितलं.