गुडघ्यातलं वंगण आणि भंडारदऱ्याचा चढ

सायकलने भंडारदऱ्याला जाणार म्हटलं की ठरलेलं वाक्य कानावर येतं: ‘गुडघ्यांची वाट लावून घ्याल.’ नातेवाईक म्हणतात, सोसायटीतले काका म्हणतात, सायकल दुरुस्त करणारा कारागीरही म्हणतो. वय चाळिशीपुढे असेल तर आणखी एक पुस्ती जोडली जाते: ‘या वयात वंगण संपतं, मग वाटी बदलावी लागते.’ हे ऐकून कितीतरी धडधाकट माणसं घाटाचं नाव टाकतात आणि सायकल गॅलरीत धूळ खात पडते. मला या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण ते काळजीच्या सुरात सांगितलं जातं आणि म्हणून कोणी तपासत नाही.

गुडघ्यात वंगण असतं, हे खरं. पण ते एकदा भरलेलं आणि वापरून संपणारं तेल नव्हे. सांध्याच्या आतलं अस्तर हा द्रव सतत तयार करत असतं आणि जुना शोषला जात असतो. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण बहुतांशी याच द्रवातून होतं. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तसा हा द्रव कूर्चेत खेळतो. म्हणजे पाय चालवल्याने वंगण संपत नाही, उलट पाय बसवून ठेवल्याने कूर्चेची आबाळ होते.

आता भाराचं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना कृत्रिम गुडघे बसवताना त्यांच्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली होती. त्यामुळे हे आकडे थेट चालत्याफिरत्या माणसांच्या गुडघ्यातून आलेले आहेत. साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या आसपास जातो. व्यायामाच्या सायकलवर बेताच्या जोराने पायडल मारताना मात्र तो सुमारे १.२ पटच भरला. यात नवल काही नाही. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट आणि हँडल घेतात, आणि पाऊल जमिनीवर आदळत नाही.

गंमत म्हणजे सायकलला नको म्हणणारी हीच मंडळी हौसेने कळसूबाईला जातात. १६४६ मीटर उंचीचं शिखर, लोखंडी शिड्या, उतरताना पायऱ्यांवर धपाधप पडणारी पावलं. त्याला कोणी गुडघ्यांची वाट म्हणत नाही. म्हणूही नये, निरोगी सांधा तो भार सोसतो. पण मग त्याच डोंगराच्या पायथ्याच्या बारी गावावरून सायकल दामटत भंडारदऱ्याच्या शेंडी गावाकडे जाणाऱ्याला अडवायचं कशासाठी?

एवढ्यानेही शंका फिटत नसेल तर अमेरिकेतली पाहणी बघा. २०२४ साली ‘मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. २,६०७ माणसांना त्यांनी आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर किती सायकल चालवली ते विचारलं आणि त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले. कधी ना कधी सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखीची शक्यता १७ टक्क्यांनी, आणि दुखणं व एक्स-रे दोन्हींत दिसणाऱ्या संधिवाताची शक्यता २१ टक्क्यांनी कमी आढळली. जितक्या जास्त टप्प्यांवर सायकल, तितकं प्रमाण कमी. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, त्यामुळे सायकल गुडघे बरे करते असा दावा मी करणार नाही. पण सायकलने गुडघे झिजत असते तर आकडे उलटे दिसायला हवे होते.

मग घाट चढून आल्यावर गुडघे ठणकतात, ते खोटं का? अजिबात नाही. दुखतात, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: गिअर आणि सीट.

गणित मांडून बघू. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन आहे, रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढतोय, वेग ताशी ८ किलोमीटर. या कामाला साधारण १३० वॉट शक्ती लागते, मग गिअर कुठलाही असो. पुढे ४४ आणि मागे १८ दात असलेल्या सायकलवर पायडलचे मिनिटाला जेमतेम २६ फेरे होतात आणि पायडलवर सरासरी २९ किलोंचा दाब द्यावा लागतो. पुढे २८ आणि मागेही २८ दात लावले तर फेरे ६३ होतात आणि दाब १२ किलोंवर येतो. घाट तोच, वेग तोच, माणूसही तोच. बर्लिनच्या मोजणीतही हेच दिसलं: तेवढ्याच शक्तीला पाय जलद फिरले की गुडघ्यावरचा भार उतरतो.

तरी आपल्याकडे हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवणाऱ्याला ‘दम नाही’ म्हणतात, आणि जड गिअरवर दात-ओठ खात, कमरेतून झुलत चढणारा मर्द ठरतो. कसारा घाटात शेजारून ट्रक घरघरत असताना हे प्रदर्शन चाललेलं दिसतं, तेव्हा त्या माणसाला थांबवून गिअर बदलून द्यावासा वाटतो. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा, चढात अडकल्यावर नव्हे. ताणलेल्या चेनवर गिअर कुरकुरतो आणि कधी चेन उतरते. हलक्या गिअरसाठी लाखभराची सायकल लागत नाही. पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या मोठ्या चकतीइतके किंवा त्याहून कमी आहेत का, एवढं दुकानात मोजून घ्या.

दुसरं सीटचं. दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची, ही सवय शाळेपासूनची. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहायला हवा. मोजपट्टी नको: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल तळाला नेल्यावर पाय सरळ झाला तर उंची बरोबर. चालवताना अर्थातच चवडा पायडलवर ठेवायचा. दुखणं गुडघ्याच्या पुढे असेल तर सीट थोडी वर घेऊन बघा, मागे असेल तर खाली. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा लिगामेंटची जुनी दुखापत असेल, तर हे प्रयोग न करता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

बाकीचे गैरसमज इतके हट्टी नाहीत, थोडक्यात आटोपता येतील.

‘तळ्याकाठचा रस्ता म्हणजे सपाट.’ १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणामागे प्रवरेचं पाणी दरीच्या प्रत्येक खाचेत शिरलं आहे. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद आणि रतनवाडीवरून परत अशी फेरी मारताना रस्ता प्रत्येक ओहोळाला उतरतो आणि पुन्हा चढतो. नुसतं अंतर बघून वेळ ठरवणारे रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी अंधारात पोहोचतात.

‘तिकडे हवा विरळ असते.’ भंडारदऱ्याची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे आठ टक्के कमी. धाप लागते ती चढामुळे.

‘उतारावर पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो.’ ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकतो, म्हणून थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागचा दाबून धरला तर चाक घसरतं. दोन्ही वापरा, पुढचा हळूहळू आवळा, बूड मागे घ्या, आणि वेग वळणाआधी कमी करा. वळणातल्या खडीवर किंवा ओल्या पाल्यावर पुढचा जोरात दाबू नका. अख्खा उतार ब्रेक घासत उतरल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते.

‘मऊ, जाड सीट आरामाची.’ पहिला तासभर. नंतर बैठकीची हाडं तिच्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो.

‘पावसाळाच खरा हंगाम.’ बघण्यासाठी असेल. घाटघर-रतनवाडीचा पट्टा अहिल्यानगर जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मेअखेर ते जून काजवे बघायला येणाऱ्या मोटारींची रात्री अरुंद रस्त्यांवर रांग लागते. त्या रात्री तिथे सायकल चालवू नये, आणि खरं सांगायचं तर मोटारींचे दिवेही काजव्यांच्या मुळावर येतात.

‘धरणाचं पाणी स्वच्छच असतं.’ नितळ असतं. त्यात गुरंही उतरतात. उकळून किंवा गाळणयंत्रातून काढूनच प्या.

‘वाड्यांवर खायला काही मिळत नाही.’ आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर भात असं साग्रसंगीत जेवण मिळतं. न सांगता दुपारी दोन वाजता दहा जणांनी दारात उभं राहायचं आणि मग गावाला नावं ठेवायची, हे बरं नव्हे. सायकलचं दुकान मात्र वाटेत गृहीत धरू नका: जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि चेन तोडायचं हत्यार सोबत असू द्या.