सार्वजनिक उद्यानांतील नैसर्गिक क्षेत्रे : कायद्याचे संरक्षण आणि सहकार्याची व्यवस्था

प्रस्तावना

उद्यान म्हटले की कापलेली हिरवळ, कारंजे आणि बाके असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. तथापि अनेक उद्यानांच्या हद्दीत मूळ भूप्रदेशाचा एखादा तुकडा टिकून असतो. कुठे तो खडकाळ उतार असतो, कुठे गवताळ माळ, तर कुठे ओढ्याकाठची झुडपे. प्रस्तुत लेखात अशा तुकड्यांना ‘नैसर्गिक क्षेत्र’ म्हटले आहे. त्यांना दोन प्रकारचे धोके संभवतात. पहिला, जागाच हातची जाणे. दुसरा, जागा राहून तिच्यातील निसर्ग जाणे. आपल्या कायद्याने पहिल्या धोक्याची बऱ्यापैकी दखल घेतली आहे. दुसऱ्याबाबत तो बराचसा मौन बाळगतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण तेथेच आहे.

न्यायालयांची भूमिका

बंगळूर येथे उद्यानासाठी राखून ठेवलेला भूखंड एका खाजगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आला होता. परिसरातील रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले आणि उद्यानासाठी दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकारही मान्य केला. पुढे 1996 च्या कमलनाथ खटल्यात ‘सार्वजनिक विश्वस्तता’ हे तत्त्व आले. नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असा त्याचा आशय आहे. हेच तत्त्व 1999 मध्ये लखनौच्या झंडेवाला पार्कला लागू झाले. तेथे उद्यानाखाली भूमिगत बाजारसंकुल उभे राहत होते. बांधकाम बरेच पुढे गेले असतानाही ते पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

हे निर्णय मोलाचे आहेत यात शंका नाही. मात्र त्यांत रक्षण झाले ते मोकळ्या जागेचे. त्या जागेवर कोणते गवत उगवते, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच.

नियोजन आणि वृक्षसंरक्षण

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण पडते. हे कवच वाटते तितके अभेद्य नाही. कलम 37 नुसार आराखड्यात फेरबदल करता येतो. कलम 127 नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक सूचना देऊ शकतो आणि विहित मुदतीत (सध्या 24 महिने) कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नागरिक ज्याला ‘राखीव’ समजतात, ते पुष्कळदा मुदतीचे आश्वासन असते.

महाराष्ट्राचा 1975 चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवतो. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या वृक्षांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जाही मिळाला. पण या कायद्याची नजर वृक्षावर आहे, अधिवासावर नाही. माळावरचे गवत खरवडून तेथे विदेशी हिरवळ अंथरली, खडकावर चालण्यासाठी फरसबंद वाट केली, ओढ्याचे काठ सिमेंटने बांधले, तरी एकही वृक्ष न तोडल्यामुळे या कायद्याचा भंग होत नाही. उलट अशा कामाचे ‘सुशोभीकरण’ म्हणून उद्घाटन होते! गवताळ माळावर वृक्षारोपण करणे हेही याच प्रकारात मोडते, हे आपल्या महाविद्यालयांच्या हौशी उपक्रमांबाबतही मान्य करावे लागेल.

अधिक भक्कम दर्जे

एखाद्या क्षेत्राला वनाचा दर्जा मिळाला तर स्थिती बदलते. मिठी नदीकाठी, धारावीलगत, जुन्या कचराभूमीवर उभे राहिलेले सुमारे 37 एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान 1994 मध्ये खुले झाले. ते ‘संरक्षित वन’ आहे. त्यामुळे त्याचा वनेतर वापर करायचा झाल्यास 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. निर्णय स्थानिक पातळीवर उरकता येत नाही, हेच येथे मुख्य संरक्षण आहे.

दुसरा मार्ग जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 37 चा. स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य शासन ‘जैवविविधता वारसा स्थळ’ घोषित करू शकते. पुण्यातील गणेशखिंड उद्यान आणि जळगावचे लांडोरखोरी वनोद्यान यांना 2020 मध्ये हा दर्जा मिळाला. या तरतुदीत क्षेत्राच्या व्यवस्थापनाचा विचार अंतर्भूत आहे, हे तिचे वेगळेपण होय.

तुलनेसाठी न्यूयॉर्कचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील राज्यघटनेत 1894 मध्ये, शासकीय वनभूमी सदैव वन्य राखावी, असे कलम घातले गेले. ते बदलण्यासाठी लागोपाठ निवडून आलेल्या दोन विधिमंडळांची मंजुरी आणि त्यानंतर जनमत घ्यावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या उद्यान विभागाने 2001 मध्ये आपल्या उद्यानांतील नैसर्गिक भागांसाठी याच अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. परंतु तो विभागीय धोरणाच्या स्वरूपाचा आहे. नाव घटनेतून उचलता येते, बळ नाही.

सहकार्याची बाजू

कायदा मनाई करतो. तण काढणे, वणवा रोखणे, नोंदी ठेवणे ही कामे माणसांनाच करावी लागतात. म्हणून करार हवेत. मात्र सहकार्याच्या नावाखाली ताबाच जाण्याचा धोका असतो. मोकळ्या जागा खाजगी संस्थांना दत्तक देण्याचे मुंबई महापालिकेचे धोरण जानेवारी 2016 मध्ये तीव्र विरोधानंतर स्थगित झाले, ते याच भीतीमुळे. करारात जागेवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही, प्रवेश सर्वांना खुला राहील, बांधकाम होणार नाही आणि कोणती झाडोरा-रचना राखायची, या चार गोष्टी नि:संदिग्धपणे लिहिलेल्या असाव्यात. यांपैकी चौथी बाब बहुधा राहून जाते, कारण ती लिहिण्यासाठी आधी तेथे काय आहे हे माहीत असावे लागते.

येथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूगोल विभागांचा थेट संबंध येतो. अधिनियमाच्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक-जैवविविधता नोंदवही करावयाची असते. ऋतुनिहाय गवतांची, फुलपाखरांची, पाणथळीतील वनस्पतींची यादी त्या नोंदवहीत उद्यानाच्या सर्वेक्षण क्रमांकासह दाखल झाली, तर पुढे फेरबदलाची सूचना निघाल्यावर हरकत घेणाऱ्याच्या हाती भावनेखेरीज एक शासकीय दस्तऐवजही असतो.