‘गन क्रेझी’: मागच्या सीटवरून पाहिलेला दरोडा

झाशीत बसून दरोडेखोर जोडप्याच्या सिनेमाबद्दल बोलायचं, तर शेजारच्या जालौन जिल्ह्यातली फूलन देवी आठवणारच. चंबळकडे डाकूला ‘बागी’ म्हणतात. बागीमागे काहीतरी अन्याय असतो. फूलनच्या मागे तर ढीगभर होता.

१९५० च्या ‘गन क्रेझी’तल्या ॲनी आणि बार्टला असं काहीच गाऱ्हाणं नाही. जत्रेतल्या नेमबाजीत भेटतात, लग्न करतात, पैसे संपतात. तिला चैन हवी. तो पक्का नेमबाज, पण लहानपणी कोंबडीचं पिल्लू मारल्यापासून जिवावर गोळी झाडू न शकणारा.

बँकेचा दरोडा जरूर बघा. दिग्दर्शक जोसेफ लुईसनं कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलाय. तीनेक मिनिटं एकही कट नाही, बँकेचं आतलं दर्शनही नाही. बार्ट आत, फुटपाथवर पोलीस, ॲनी त्याच्याशी गप्पा मारतेय. आणि आपण? ‘लवकर ये रे बाबा!’ म्हणजे आपणही सामील.

शेवटी धुक्यात बालमित्र समोर येतात. त्यांना वाचवायला बार्ट एकाच माणसावर जीव घेणारी गोळी झाडतो: बायकोवर. सिनेमा आधी ‘डेडली इज द फीमेल’ नावानं लागला होता. दोष बाईच्याच पदरात!